सवय 21 दिवसांत लागतेच असे नाही
वजन कमी करण्याच्या गटांत ‘21 दिवस नेटाने पाळा, सवय लागलीच’ असे सर्रास सांगितले जाते. प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी 1960 साली लिहिले होते ते इतकेच, की रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. त्यातले ‘किमान’ पुढे सोयीस्करपणे गळाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या 2009 च्या अभ्यासात नवी सवय लागण्याचा काळ 18 ते 254 दिवस, मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) 66 दिवस, असा निघाला आणि एखादा खाडा पडल्याने फारसे बिघडत नाही, असेही दिसले. म्हणून गटाने बाविसाव्या दिवशी कुणाला नापास ठरवण्यापेक्षा ‘रात्रीचे जेवण झाले की दहा मिनिटे चालणे’ अशी छोटी कृती ठरलेल्या प्रसंगाला जोडून द्यावी आणि निदान दोन-तीन महिने पाठपुरावा करावा.