कल्पना लुप्पिसची, नाव व्हाइटहेडचे

पाणतीर (टॉर्पेडो), म्हणजे पाण्याखालून जाऊन जहाज फोडणारे अस्त्र, कोणी शोधला असे विचारले, तर बहुतेक ठिकाणी रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज इंजिनिअरचे नाव सांगितले जाते. मला त्यात जोव्हानी लुप्पिसवर अन्याय वाटतो.

लुप्पिसचा जन्म १८१३ सालचा, एड्रियाटिक समुद्रावरच्या फ्यूमे बंदरातला. आज हे शहर क्रोएशियात आहे आणि रिएका म्हणून ओळखले जाते. तिथले लोक त्याला इव्हान लुपिस म्हणतात. तो ऑस्ट्रियाच्या आरमारात अधिकारी होता. त्या काळी ‘टॉर्पेडो’ म्हणजे पाण्यात पेरलेला सुरुंग. शत्रूचे जहाज त्यावर येईल तेव्हाच तो उपयोगी पडायचा. लुप्पिसला वाटले, सुरुंगच जहाजाकडे का धाडू नये? त्याने स्फोटके भरलेली छोटी, बिनमाणसांची होडी तयार केली. किल्लीच्या यंत्रावर तिचा पंखा फिरे, आणि किनाऱ्यावरून लांब दोरांनी तिचे सुकाणू वळवता येई. नाव ठेवले ‘साल्व्हाकोस्ते’, म्हणजे किनारा राखणारी. या नावातच त्याचा हेतू दिसतो.

१८६० साली सम्राट फ्रान्झ जोसेफपुढे तिचे प्रात्यक्षिक झाले, पण आरमाराने ती घेतली नाही. तिला नेणारी शक्ती अपुरी होती आणि दोरांचा भरवसा नव्हता. हे आक्षेप खरेच होते.

१८६४ मध्ये जोव्हानी चोत्ता या फ्यूमेच्याच गृहस्थाने लुप्पिसची व्हाइटहेडशी गाठ घालून दिली. व्हाइटहेड तिथे जहाजांची इंजिने बनवणारा कारखाना चालवत होता. त्याने होडी आणि दोर दोन्ही बाजूला सारले. दाबून भरलेल्या हवेवर चालणारे, पाण्याखालून जाणारे चिरूटाच्या आकाराचे यंत्र बनवून डिसेंबर १८६६ मध्ये आरमारापुढे मांडले. वेग जेमतेम ६-७ नॉट (ताशी सागरी मैल), आणि खोली एकसारखी राहीना. त्यावर त्याने पाण्याच्या दाबावर चालणारी झडप आणि लंबक यांची जोडी बसवली. कारखान्यात तिला नुसते ‘गुपित’ म्हणत. पाणतीर खऱ्या अर्थाने कामाचा झाला तो या जोडीमुळे, आणि ते श्रेय व्हाइटहेडचेच.

ब्रिटनने १८७१ साली त्याच्याकडून उत्पादनाचे हक्क विकत घेतले. लुप्पिसला १८६९ मध्ये सम्राटाकडून ‘फॉन रामर’ हा किताब मिळाला, पण पाणतीर जगभर विकला गेला तो ‘व्हाइटहेड टॉर्पेडो’ म्हणूनच. लुप्पिस १८७५ साली वारला. तीन वर्षांनी, जानेवारी १८७८ मध्ये, काळ्या समुद्रात बाटुमीपाशी रशियन नौकांनी व्हाइटहेडचे पाणतीर सोडून ‘इन्तिबाह’ हे तुर्की जहाज बुडवले.