झेपत नाही की मन लागत नाही? हायस्कूलच्या कंटाळ्यातली गल्लत

पालकसभेत दरवर्षी तेच वाक्य कानावर येतं: "चौथीपर्यंत फार हुशार होता हो, हायस्कूलला गेल्यापासून पुस्तकच उघडत नाही." कारणंही ठरलेली असतात. अभ्यास अवघड झाला, वयच तसलं, हातात मोबाइल आला. उपाय तर त्याहून ठरलेला: क्लास लावा.

इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे अभ्यास न झेपणं आणि दुसरी म्हणजे शाळेत मन न लागणं. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. घटक चाचणीत गुण घसरतात, दप्तर सकाळपर्यंत कोपऱ्यात पडून राहतं, शनिवारच्या सकाळच्या शाळेला नेमकं पोट दुखतं. पण सायकल चेन उतरली तरी थांबते आणि पंक्चर झाली तरी थांबते. चेन उतरलेल्या सायकलीच्या चाकात कितीही हवा भरली तरी ती जागची हलायची नाही. क्लास लावणाऱ्या निम्म्या पालकांचं नेमकं हेच चाललेलं असतं.

प्राथमिक शाळा कशी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर फार बोलत नाही. एकच बाई किंवा गुरुजी दिवसभर वर्गावर असतात. कोण आज न खाता आलंय, कोणाच्या घरी काल भांडण झालंय हे त्यांना पहिल्या तासाला कळतं. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारती कित्येक वर्षं प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं काढत आली, त्यामुळे मुलाला पुस्तकात आपलीच नदी आणि आपलाच घाट भेटतो. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी वर्गाच्या फरशीवरच आखणी करून ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलांनी स्वतः करून बघत शिकण्याची पद्धत, उभा केला, तो बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. सगळ्या प्राथमिक शाळा अशा नाहीत, हात बांधून गप्प बसवणारे वर्गही आहेत. तरी चांगल्या वर्गाचा नमुना तिथे सापडतो.

हायस्कूलला आल्यावर सतरंजीच्या जागी बाक येतो, सायकल येते, परिसर अभ्यासाचे विज्ञान, इतिहास, भूगोल असे तुकडे होतात. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला ८०० तास अध्यापन आहे, तर सहावी ते आठवी १००० तास. मोठी माणसं या बदलांची फार चर्चा करतात. मुलं ते दिवाळीच्या आत पचवतात.

आता खरी अडचण.

न झेपणं हा खोटा बहाणा नव्हे, हे आधी मान्य करू. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे २५ टक्के जणांना दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वतःच्या भाषेत सरळ वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून जास्त मुलांना जमलं नाही. अशा मुलाला नववीचं बीजगणित कंटाळवाणं वाटत नाही, ते त्याच्यासाठी बंद दार असतं.

वर्गात हे दोघे ओळखायचे कसे? नववीला दोन चलांतली समीकरणं असतात. फळ्यावर उदाहरण द्या: दोन संख्यांची बेरीज १४, वजाबाकी २, तर संख्या कोणत्या? ज्याला झेपत नाही तो वहीत समीकरण मांडायला घेतो, उणे चिन्ह दुसऱ्या बाजूला नेताना अडखळतो, खोडतो, शेजाऱ्याच्या वहीत बघतो आणि गप्प बसतो. तो कधीच काही विचारत नाही, कारण प्रश्न विचारायलाही थोडं कळलेलं असावं लागतं. दुसऱ्या बाकावरची मुलगी मनातच हिशोब करते, "आठ आणि सहा" म्हणते आणि पेन खाली ठेवते. पायऱ्या लिही म्हटलं की तिचा प्रश्न येतो: "सर, हे बोर्डाला किती मार्कांना येतं?"

या प्रश्नाला शिक्षक उद्धटपणा समजतात, याची मला मनापासून चीड येते. मन न लागण्याची इतकी स्पष्ट खूण दुसरी नाही. त्या मुलीला गणित येतं. हे गणित आपण कशासाठी करतोय, याचं गुणांखेरीज दुसरं उत्तर तिला शाळेत कुणी दिलेलं नाही.

वह्याही बोलतात. न झेपणाऱ्याच्या वहीत अर्धवट सोडलेली उदाहरणं असतात, आणि उतरवून घेतलेलं असेल तर चुकांसकट उतरवलेलं असतं. मन उडालेल्याची वही बहुधा पूर्ण असते, अक्षर नीट असतं, समासही आखलेला असतो. सगळं गाइडमधून उतरवलेलं असतं. तपासणाऱ्याला ती वही आदर्श वाटते आणि "प्रगती समाधानकारक" असा शेरा पडतो.

मन उडतं ते अभ्यास कठीण झाल्यामुळे, ही समजूत तर पहिली सोडायला हवी. हीच मुलं सुट्टीत वडिलांबरोबर विहिरीवरची मोटर उघडून दुरुस्त करतात, कबड्डीचे डावपेच आखतात, तासन्‌तास बुद्धिबळ खेळतात. त्यांना अवघडाचा कंटाळा नाही. उलट ज्यात आपलं काहीच चालत नाही, त्याचा कंटाळा आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यात १९८० च्या दशकात जॅकलिन एकल्स, कॅरल मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावीतून सातवीत, म्हणजे प्राथमिकमधून ज्युनिअर हायस्कूलमध्ये जाणाऱ्या मुलांचा मागोवा घेतला. त्यांना दिसलं ते असं: वय वाढतं तशी स्वतः ठरवण्याची मुलांची इच्छा वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी वर्गात ठरवायची संधी कमी होते. शिक्षकांचा मुलांवरचा विश्वास कमी आणि वचक जास्त होतो. शिक्षक आपल्याला आधार देतात, ही भावनाही पुष्कळ मुलांमध्ये घटते. थोडक्यात, बिघाड मुलात नसतो. वाढतं वय आणि शाळेची घडण यांचा मेळ सुटलेला असतो. "वयच तसलं" म्हणणाऱ्यांच्या हातात यातला फक्त अर्धा भाग असतो. २०१२ मध्ये गॅलप या पाहणी संस्थेने तिथल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, त्यात प्राथमिकच्या दहापैकी जवळपास आठ मुलांचं शाळेत मन लागत होतं, हायस्कूलच्या दहापैकी चारांचं. तिथे आपल्यासारखी दहावीची बोर्ड परीक्षा नाही. तेव्हा सगळं खापर बोर्डावर फोडणंही चुकीचं आहे.

आपल्याकडे हे कसं घडतं ते बघा. आपल्या मुलांनी कित्येक वर्षं वापरलेलं, २०१८ मध्ये आलेलं दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून शिकवतं. त्यातला पहिलाच धडा आहे 'क्षेत्रभेट'. मुलांनी बाहेर पडावं, जमीन बघावी, लोकांना प्रश्न विचारावेत म्हणून लिहिलेला धडा. बहुतेक वर्गांत तो बाकावर बसून वाचला जातो. भेटीसाठी प्रश्नावली तयार करा, असा स्वाध्याय येतो आणि सगळा वर्ग गाइडमधली एकच प्रश्नावली उतरवतो. ज्या मुलाने तिसरीत आपला जिल्हा ओळखला, तो दहावीत क्षेत्रभेटीवर टीप लिहितो आणि नदीवर जात नाही. इतिहासाचंही तेच. दहावीच्या त्या पुस्तकात खेळ आणि इतिहास, मनोरंजनाची माध्यमं आणि इतिहास असे विषय आहेत. कुस्तीचा नाद असलेलं पोर यावर तासभर बोलेल. आपण त्याला महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करायला सांगतो. पुस्तकं नीरस आहेत ही तक्रार मी त्यामुळे मान्य करत नाही. प्रयोगवहीबद्दल तर वेगळं लिहावं लागेल. लिटमस हाताला न लागता 'निळा लिटमस तांबडा झाला' असं निरीक्षण मागच्या वर्षीच्या वहीतून लिहिलं जातं.

ओळखीचाही प्रश्न आहे. प्राथमिकचे गुरुजी तीसेक मुलांबरोबर दिवसभर असतात. हायस्कूलचा गणित शिक्षक चार तुकड्यांवर जातो. एका तुकडीत साठ मुलं आणि तास ३५ मिनिटांचा. हजेरी, फळा पुसणं, शांतता वगैरे सगळं शून्य मिनिटांत झालं असं धरलं, तरी एका मुलाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. शिक्षकाला दोष देऊन इथे काही साधणार नाही.

"पण दहावी आहे ना" हे उत्तर मला पटत नाही. शंभरपैकी वीस गुण शाळेच्या हातात असतात. २०१९ मध्ये भाषांसकट काही विषयांचे हे गुण काढले आणि दहावीचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. केवढा गदारोळ झाला, आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. त्या गदारोळात सगळी चर्चा टक्क्यांची होती. त्या वीस गुणांसाठी मुलं नेमकं काय करतात, यावर कोणी बोलत नव्हतं. सरसकट अठरा-एकोणीस देऊन टाकण्यापेक्षा तेवढ्या जागेत मुलांना स्वतःचा विषय निवडू द्यावा, आठवडी बाजारातल्या भावांची नोंद करू द्यावी, गावच्या जुन्या माणसांना भेटू द्यावं. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि पी.टी.च्या तासाला गणित घेणं आधी बंद करावं.

उपाय वेगळे आहेत ते यामुळेच. न झेपणाऱ्याला मागे जाऊन शिकवावं लागतं: अपूर्णांक, भागाकार, वाचन, अगदी पाचवीच्या पुस्तकापासून. त्याला मोठ्या गर्दीचा क्लास निरुपयोगी आहे, कारण तिथेही नववीचंच शिकवतात. मन उडालेल्याला क्लास अपायकारक आहे, कारण सकाळी ऐकलेला तोच धडा संध्याकाळी पुन्हा ऐकावा लागतो आणि उरलासुरला मोकळा वेळही जातो. त्याला एखादी गोष्ट स्वतःच्या जबाबदारीवर पूर्ण करायला द्यावी आणि ती झाल्यावर मन लावून बघावी.

दोन्ही एकत्र असतील तर? असतात, आणि पुष्कळदा न झेपण्यातूनच पुढे मन उडतं. अशा वेळी सुरुवात न झेपण्यापासून करावी, पण चारचौघांत नाही. नववीतल्या पोराच्या हातात वर्गासमोर पाचवीचं पुस्तक दिलं तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. मधल्या सुट्टीनंतरचा एखादा रिकामा तास, दोघं-तिघं सोबती आणि पुस्तकाचं कव्हर काढून टाकलेलं, एवढ्यावर भागाकार महिन्या-दोन महिन्यांत जमायला लागतो.