सोरायसिसवर कोरफड, हळद आणि नीळ

२००५ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी सोरायसिस या त्वचेवर चट्टे उठवणाऱ्या आजाराच्या ४१ रुग्णांवर एक साधी चाचणी घेतली. शरीराच्या एका बाजूच्या चट्ट्यांवर कोरफडीचे जेल लावायचे आणि दुसऱ्या बाजूच्या तशाच चट्ट्यांवर कोरफड नसलेले, पण तसेच दिसणारे जेल. कुठल्या डबीत काय आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि चट्टे तपासणाऱ्यालाही नाही. चार आठवड्यांनी मोजदाद झाली. कोरफडीच्या बाजूचे ७२.५ टक्के चट्टे सुधारले होते. नुसत्या जेलच्या बाजूचे सुधारले ८२.५ टक्के!

एवढ्यावरून काही जण कोरफडीला निकामी ठरवून मोकळे होतील. मला मात्र यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. ज्यात औषध नव्हतेच, त्या जेलने इतक्या चट्ट्यांना उतार कसा पडला? एक तर सोरायसिस स्वभावतःच चढउतारांचा आजार आहे. तो उफाळतो, काही आठवडे-महिने छळतो आणि पुष्कळदा आपसूक ओसरतो. माणूस नवा उपाय शोधतो तो नेमका चट्टे सर्वांत वाईट असताना. त्यानंतर काहीही लावले तरी बहुतेक वेळा उतारच दिसणार आणि श्रेय हातात असलेल्या डबीला जाणार. शिवाय कोरड्या, तडकलेल्या त्वचेवर दिवसातून दोनदा ओलसर काहीतरी चोळणे हा स्वतःच एक उपचार आहे. म्हणून ‘मला गुण आला’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, पण गुण कशाने आला हे त्यालाही कळलेले नसते.

गंमत म्हणजे १९९६ साली पाकिस्तानात ६० रुग्णांवर झालेल्या अशाच चाचणीत निकाल अगदी उलटा होता. कोरफडीच्या मलमाने ३०पैकी २५ जण बरे झाले, नुसत्या मलमाने ३०पैकी दोघेच. एकाच वनस्पतीचे दोन निकाल इतके दूर असतील तर त्यातला आवडता उचलून फिरण्यात अर्थ नाही. कोरफडीबाबत माझे मत असे: लावल्याने गार वाटत असेल तर लावावी, पण औषध म्हणून तिच्यावर विसंबू नये.

सोरायसिसमध्ये दिसतो त्वचेवरचा चट्टा, मात्र मूळ गडबड असते रोगप्रतिकारशक्तीत. त्वचेच्या तळाशी नवी पेशी तयार होऊन ती वर सरकत झडून जायला एरवी साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास आठवड्याच्या आत उरकतो. पेशी पुऱ्या पक्व होत नाहीत, झडायलाही त्यांना वेळ मिळत नाही आणि त्यांचे चंदेरी, जाड पापुद्रे साचत जातात. ही घाई पेशींना लावतात इंटरल्युकिन-२३, इंटरल्युकिन-१७ आणि टीएनएफ-अल्फा यांसारखे प्रतिकारयंत्रणेचे रासायनिक निरोप. म्हणूनच हा आजार संसर्गजन्य नाही, हात लावल्याने होत नाही, आणि ‘रक्त शुद्ध करणाऱ्या’ काढ्याने धुऊन निघेल असे त्यात काही नसते. ‘इम्युनिटी वाढवणारी’ म्हणून खपणारी उत्पादनेही इथे डोळे झाकून घेऊ नयेत. आधीच चवताळलेल्या यंत्रणेला आणखी चेव कशाला द्यायचा?

घरगुती उपायांची खरी हुकमत चालते ती वरच्या थरावर. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात आटपावी, अंग घासू नये, टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच सुगंध नसलेले जाडसर मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावावी. याने पापुद्रे मऊ पडतात, भेगा मिटतात, खाज कमी होते आणि डॉक्टरांनी दिलेले औषधही आत नीट मुरते. यात काही जादू नाही, पण सगळ्या घरगुती उपायांत माझा पहिला क्रमांक यालाच. ओट्सचे बारीक पीठ पाण्यात घालून केलेली आंघोळही खाजेला आराम देते. पापुद्रे फारच जाड असतील तर सॅलिसिलिक ॲसिडचे मलम ते सैल करते. मात्र प्रकाशोपचाराला जाण्यापूर्वी ते लावू नये, कारण त्या उपचारातले अतिनील किरण ते अडवते. पापुद्रे नखांनी खरवडणे तर कटाक्षाने टाळावे. जर्मन वैद्य हाइनरिश केब्नर यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते की सोरायसिस असलेल्या माणसाला जिथे ओरखडा, भाजणे किंवा घर्षण होते, तिथे नवा चट्टा उठू शकतो.

हळदीचे काय? प्रयोगशाळेत हळदीतले कर्क्युमिन हे द्रव्य दाहाचे बरेच निरोप दाबते, हे खरे आहे. अडचण पोटात सुरू होते, कारण आतड्यातून ते रक्तात फारच कमी उतरते. २००८च्या एका छोट्या अभ्यासात १२ रुग्णांना रोज ४.५ ग्रॅम कर्क्युमिन दिले गेले आणि मोठा फरक पडला तो दोघांनाच. हळदीत कर्क्युमिन असते साधारण ३ टक्के. म्हणजे तेवढी मात्रा गाठायला दिवसाला दीडशे ग्रॅम हळद खावी लागेल. कडुनिंबाबद्दल सांगण्याजोगा भक्कम पुरावा नाही. टी ट्री तेलाचाही नाही, उलट त्याने कित्येकांना त्वचेची ॲलर्जी होते.

वनस्पतींकडून सोरायसिसला काहीच मिळाले नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातली पिवळी पूड पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली आणि ‘गोवा पावडर’ म्हणून नायट्यावर वापरली जाऊ लागली. ती सोरायसिसवरही चालते हे १८७०च्या दशकात लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमानो स्क्वायर यांच्या ध्यानात आले. पहिल्या महायुद्धात तिचा पुरवठा तुटला, तेव्हा जर्मनीत तिच्यातल्या द्रव्याची कृत्रिम आवृत्ती बनवली गेली. तेच डिथ्रॅनॉल. कपडे डागाळते, कातडी चुरचुरते, पण काम करते.

नीळ हे त्याहून ताजे उदाहरण. निळीच्या पानांपासून बनणारे, चिनी वैद्यकातले ‘छिंग दाय’ हे चूर्ण मलमात घालून तैवानमध्ये ४२ रुग्णांवर तपासले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत बारा आठवड्यांत ३१ जणांचे हे मलम लावलेल्या बाजूचे चट्टे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेले. या चूर्णातली काही द्रव्ये पेशीतल्या ‘एएचआर’ नावाच्या ग्राहीला (रासायनिक निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतात, आणि त्वचेचा दाह व तिची बांधणी यांवर त्या ग्राहीचा ताबा असतो. याच ग्राहीवर काम करणारे टॅपिनारोफ हे मलम अमेरिकेत २०२२ साली मंजूर झाले. त्याचा रेणू सापडला कुठे, तर सूत्रकृमींच्या पोटात राहणाऱ्या एका जिवाणूत. निसर्ग औषधे देतो, फक्त ती नेहमी पानाफुलांतच ठेवतो असे नाही!

पण हीच नीळ पोटात घेतली तर? आतड्याच्या व्रणांवर ती घेणाऱ्या काही रुग्णांना फुप्फुसाच्या रोहिणीतला रक्तदाब वाढण्याचा गंभीर विकार झाल्याचे दिसले आणि २०१६ साली जपानच्या आरोग्य मंत्रालयाला इशारा द्यावा लागला. जे द्रव्य पेशीवर खरोखर परिणाम करते, ते नको तिथेही परिणाम करणारच.

बावची या वनौषधीचे तसेच. तिच्यातल्या सोरालेन या द्रव्यामुळे त्वचा उन्हाला कमालीची संवेदनशील होते. याच गुणाचा मोजूनमापून वापर करून १९७४ साली ‘पुवा’ ही उपचारपद्धती पुढे आली: सोरालेनची ठरलेली मात्रा आणि ठरलेल्या वेळापुरता अतिनील प्रकाश. घरी बावचीचे तेल लावून उन्हात बसणाऱ्याला यातले काहीच मोजता येत नाही, आणि अंगावर भाजल्यासारखे फोड येतात. लसणाची पेस्ट आणि भेगाळलेल्या चट्ट्यावर व्हिनेगर यांनीही त्वचा भाजते, आणि जिथे भाजले तिथे पुन्हा केब्नर महाशयांचा नियम लागू.

काही उपाय डबीत मिळत नाहीत, म्हणून त्यांची चर्चा कमी होते. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने आजाराचा जोर कमी होतो आणि औषधेही नीट लागू पडतात. धूम्रपान व दारू दोन्ही सोरायसिसला पोसतात. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत अंगभर बारीक थेंबांसारखे चट्टे उठले, तर त्यामागे घशातला स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू असू शकतो. मनोविकारांवरचे लिथियम, रक्तदाबावरची बीटा ब्लॉकर औषधे आणि मलेरियाची काही औषधे यांनीही आजार भडकू शकतो. मात्र ती मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. मनाचा भागही खराच आहे. १९९८ साली ध्यानाचे अमेरिकी अभ्यासक जॉन कबाट-झिन यांच्या गटाने ३७ रुग्णांपैकी काहींना प्रकाशोपचार चालू असताना ध्यानाच्या सूचनांची ध्वनिफीत ऐकवली, तर त्यांचे चट्टे इतरांपेक्षा लवकर गेले.

आता संशयाची एक जागा. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणवणाऱ्या मलमाने चार दिवसांत चट्टे पुसले तर खूश होण्याआधी थांबावे. लंडनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९९ साली अशी ११ मलमे तपासली, त्यांपैकी ८ मलमांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. तीव्र स्टेरॉइड दीर्घकाळ लावून अचानक थांबवले की सोरायसिस दुप्पट जोराने उलटू शकतो. अशी डबी वापरात असेल तर ती फेकून न देता डॉक्टरांकडे घेऊन जावी. मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसवरचे औषध चालू असलेल्यांनी यकृतावर ताण आणणारे काढे-चूर्ण विचारल्याशिवाय घेऊ नयेत. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्यांनी सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी टाळावी, तिने औषधाची रक्तातली पातळी घसरते.

साधारण २० ते ३० टक्के रुग्णांमध्ये आजार सांध्यांत उतरतो. सकाळी अर्धा-पाऊण तास सांधे आखडलेले राहणे, एखादे बोट अख्खे सुजणे, टाच दुखणे, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती प्रयोगांत महिने घालवू नयेत, कारण सांध्याची झालेली झीज परत भरून येत नाही. आणि सर्वांग लाल होऊन थंडी वाजू लागली, किंवा तापासोबत अंगावर पूभरल्या पुळ्या उठल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.