लो ट्रॅफिक नेबरहुड

लो ट्रॅफिक नेबरहुड म्हणजे राहत्या वस्तीतल्या आतल्या रस्त्यांवरून गाड्यांना आरपार जाता येऊ नये, यासाठी केलेली रस्त्यांची रचना. ब्रिटनमध्ये तिला सर्रास एलटीएन म्हणतात. मराठीत 'अल्परहदारी वस्ती' म्हणता येईल. या रचनेत रस्ता गाड्यांना बंद होत नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे, कारण निम्मी भांडणे इथेच सुरू होतात. वस्तीतल्या प्रत्येक घरापर्यंत गाडी नेता येते. फक्त एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येत नाही, आल्या वाटेने परत फिरावे लागते. पायी जाणारा आणि सायकलवाला मात्र सरळ निघून जातो.

हमरस्ता तुंबला की गल्लीबोळांतून वाट काढण्याला इंग्लंडमध्ये 'रॅट रन' म्हणतात, म्हणजे उंदराची पळवाट. आपल्याकडचा रिक्षावाला 'आतून काढतो' म्हणतो, तेच हे. पूर्वी अशी वाट त्या भागातल्या माहीतगारालाच ठाऊक असे; मोबाइलवरच्या नकाशांनी ती परक्या चालकालाही दाखवायला सुरुवात केली.

ती अडवायला फारसे काही लागत नाही. गल्लीच्या मध्यावर आडव्या मांडलेल्या दोन-तीन मोठ्या लाकडी पेट्या, त्यांत माती आणि झुडपे, दोन पेट्यांमध्ये सायकल जाईल एवढी फट. काही ठिकाणी कुलूप काढून खाली पाडता येणारा खांब असतो. काही ठिकाणी तर अडथळाच नसतो: लाल कड्यात मोटारसायकल आणि मोटार दाखवणारी पाटी आणि वर नंबरप्लेट टिपणारा कॅमेरा. पाटीकडे लक्ष न गेलेल्या चालकाला चूक कळते ती दंडाची नोटीस टपालाने घरी आल्यावर. लंडनमध्ये हा दंड बरीच वर्षे १३० पौंड होता, १४ दिवसांत भरल्यास निम्मा. पालिकेला लोकांच्या हवेपेक्षा स्वतःच्या तिजोरीची काळजी जास्त आहे, हा आरोप या नोटिशींतूनच वाढला.

कल्पना जुनी आहे. कॉलिन ब्युकॅनन यांनी ब्रिटिश सरकारसाठी केलेला 'ट्रॅफिक इन टाउन्स' हा अहवाल १९६३ साली प्रसिद्ध झाला. शहर हे इमारतीसारखे असावे, असे त्याचे साधे सूत्र होते. हमरस्ते म्हणजे येण्याजाण्याचे व्हरांडे, वस्त्या म्हणजे खोल्या. आणि खोलीचा वापर कोणी वाट म्हणून करत नाही. सूत्र पटण्याजोगे होते, पण त्यात एक अडचण होती. इमारतीच्या व्हरांड्यात कोणी राहत नाही, शहराच्या व्हरांड्यात मात्र माणसे राहतात. लंडनच्या इझलिंग्टन भागातल्या बार्न्सबरीत १९७० च्या सुमारास ही कल्पना राबवली गेली, तेव्हा ती अडचण लगेच वर आली. जुनी घरे विकत घेऊन डागडुजी करणारा नवा मध्यमवर्ग त्या वेळी बार्न्सबरीत येत होता. त्यांच्या सुंदर चौकांतली गाड्यांची वर्दळ कमी झाली. ती कडेच्या रस्त्यांवर गेली आणि तिथल्या गरीब भाडेकरूंनी विरोध सुरू केला. पुढच्या पन्नास वर्षांत झालेल्या बहुतेक वादांचा साचा इथे पाहायला मिळतो.

याच काळात इतर देशांतही प्रयोग चालू होते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने सप्टेंबर १९७७ मध्ये शहराच्या गाभ्याचे चार भाग केले आणि एका भागातून दुसऱ्यात थेट मोटार नेण्याची सोय काढून घेतली. बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन पुन्हा आत यायचे. व्यापारी संतापले, योजना मात्र टिकली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने १९७५ साली चौकाचौकांत अडथळे उभारले. ते काढावेत म्हणून १९७६ आणि १९७७ मध्ये दोनदा मतदान झाले आणि दोन्ही वेळा अडथळे राखण्याच्या बाजूने कौल पडला. १९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे अडथळे कायद्यात बसत नाहीत असा निकाल दिला, तेव्हा कायदाच बदलण्यात आला.

लंडनमध्ये हा विषय पुन्हा तापला तो वॉल्थमस्टोपासून. लंडनच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या बरोंना (बरो म्हणजे स्वतःची पालिका असलेला शहराचा विभाग) डच धर्तीवर सायकलस्नेही करण्याच्या 'मिनी हॉलंड' योजनेतून वॉल्थम फॉरेस्ट बरोला निधी मिळाला, आणि वॉल्थमस्टो व्हिलेजमधल्या गल्ल्या आरपार वाहतुकीला बंद झाल्या. ऑरफर्ड रोड या दुकानांच्या रस्त्यावर सकाळी दहा ते रात्री दहा मोटारींना मज्जाव करण्यात आला. २०१५ साली उद्घाटनाच्या दिवशी विरोधक शवपेटी खांद्यावर घेऊन आले होते. बाजारपेठ मेली, असे त्यांना सांगायचे होते. बाजारपेठ मेली नाही. पुढे याच रस्त्याचे फोटो समर्थकांच्या प्रत्येक सादरीकरणात दिसू लागले.

मे २०२० मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, परिवहन मंत्री ग्रँट शॅप्स यांनी चालणे आणि सायकल यांसाठी २५ कोटी पौंडांचा तातडीचा निधी जाहीर केला. बस आणि ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वे यांतली गर्दी टाळायची होती, त्यामुळे काम आठवड्यांत करून दाखवा, असा पालिकांना तगादा होता. मग प्रायोगिक आदेशाचा मार्ग वापरला गेला. या आदेशात योजना आधी लागू होते, हरकती पहिल्या सहा महिन्यांत मागवल्या जातात आणि जास्तीत जास्त अठरा महिन्यांत कायम करायची की काढायची ते ठरते. कायद्याने हे चोख होते. पण सकाळी उठून पाहावे तर आपल्या गल्लीच्या तोंडाशी पेट्या, आणि 'तुमचे मत कळवा' असे पत्रक त्यानंतर, हे कोणाला आवडेल? बहुतेक योजनांवर पहिला आक्षेप वाहतुकीबद्दल नव्हता, न विचारल्याबद्दल होता.

दुसरा आक्षेप सीमारस्त्यांचा, आणि तोच खरा कळीचा मुद्दा. वस्तीतून हटवलेल्या गाड्या जातात कुठे? विरोधकांच्या मते त्या वस्तीभोवतीच्या हमरस्त्यावर जातात, जिथे दुकानांवरच्या खोल्यांत आणि बसथांब्यासमोरच्या इमारतींत लोक राहतात. लंडनच्या लुईशममध्ये साउथ सर्क्युलर या वाहत्या रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा २०१३ साली दम्याने गेली. डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे या वादाच्या ऐन भरात, तिच्या मृत्यूस हवेतले प्रदूषणही कारणीभूत असल्याचा निष्कर्ष चौकशी अधिकाऱ्याने नोंदवला. तिच्या आई रोझामंड किसी-डेब्रा यांनी हमरस्त्यांवर वाहतूक ढकलणाऱ्या योजनांवर टीका केली. त्यांना 'मोटारवाल्यांची बाजू घेता' असे म्हणण्याची सोय कोणाकडेच नव्हती.

समर्थकांचे उत्तर असे, की वाहतूक पाण्यासारखी नसते. एक तोंड बंद केले की सगळीच दुसरीकडून वाहत नाही. जवळच्या फेऱ्या लोक पायी करतात, काही फेऱ्या टाळतात, काहींच्या वेळा बदलतात. वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी लंडनच्या ११ बरोंतल्या ४६ योजनांची मोजणी तपासली, तेव्हा आतल्या रस्त्यांवरची वाहतूक सरासरी जवळजवळ निम्मी झाल्याचे आणि सीमारस्त्यांवर सरासरी एक टक्क्याहूनही कमी वाढल्याचे दिसले. आकडे समर्थकांच्या बाजूचे आहेत, हे मान्य करायला हवे. पण ती सरासरी आहे. मार्च २०२४ मध्ये दक्षिण लंडनमधल्या स्ट्रेथम वेल्स इथली योजना स्थगित करावी लागली, कारण तिथल्या ए२३ रस्त्यावर बसला तीन मैलांसाठी दोन तास लागल्याची तक्रार गाजली. त्या बसमध्ये बसलेल्याला सरासरी सांगून उपयोग नव्हता. त्यातही विचित्र असे, की मोटारी कमी करण्यासाठी आखलेल्या योजनेचा फटका बसप्रवाशांना बसला होता.

रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या बंबांचा प्रश्न पक्क्या खांबांच्या जागी कॅमेरे आल्यावर बराचसा मागे पडला. अपंग रहिवाशांचा राहिला. चार मिनिटांची वाट वीस मिनिटांची झाली, तर सायकल हा ज्यांच्यापुढे पर्यायच नाही त्यांनी काय करायचे? अनेक बरोंनी पुढे अपंगांच्या ब्लू बॅज परवान्याला सूट दिली, पण ती बहुधा भांडल्यावर मिळाली.

ऑक्सफर्डमध्ये प्रकरण हातघाईवर आले. पूर्व ऑक्सफर्डच्या गल्ल्यांत २०२२ साली प्लॅस्टिकचे खांब बसवले गेले. काही उपटले गेले, काहींवर गाड्या घातल्या गेल्या, काही जाळून वितळवले गेले. पालिका नवे बसवत राहिली. त्यातच शहरात सहा ठिकाणी कॅमेरे लावून ठरावीक मोटारींनाच जाऊ देण्याचा वेगळा प्रस्ताव आला आणि त्याची सांगड प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांच्या 'पंधरा मिनिटांचे शहर' या कल्पनेशी घातली गेली. गरजेच्या गोष्टी घरापासून पंधरा मिनिटांत मिळाव्यात, एवढाच तिचा अर्थ. तो 'पंधरा मिनिटांच्या पलीकडे जाऊ देणार नाहीत' असा फिरवला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे दोन हजार लोक ऑक्सफर्डच्या रस्त्यावर उतरले. त्यांतले काही आपल्या गल्लीच्या त्रासासाठी आले होते, काही जागतिक कटाविरुद्ध. दोन्ही एकाच मोर्चात चालत होते, आणि पहिल्यांचे म्हणणे त्यात हरवले.

राजकीय पक्षांच्या भूमिकाही जागच्या जागी राहिल्या नाहीत. बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने पैसे देऊन सुरू केलेल्या योजनांविरुद्ध त्याच पक्षाचे ऋषी सुनक २०२३ च्या जुलैत 'आपण मोटारचालकांच्या बाजूचे' म्हणत उभे राहिले आणि फेरआढावा मागवला. लंडनच्या टॉवर हॅमलेट्स बरोत लुतफुर रहमान रस्ते पुन्हा खुले करण्याचे आश्वासन देऊन २०२२ साली महापौर झाले. तिथे मग योजना वाचवण्यासाठी रहिवासी न्यायालयात गेले. उलट दक्षिण लंडनमधल्या वेस्ट डलिचमध्ये योजनेविरुद्ध रहिवाशांनी केलेला दावा मे २०२५ मध्ये यशस्वी झाला. लँबेथ पालिकेने त्यांचा ५३ पानांचा अहवाल विचारातच घेतला नाही, या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने योजना बेकायदा ठरवली. रस्ते बंद करणे योग्य की अयोग्य, यावर तो निकाल नव्हता.

सुनक यांनी मागवलेला आढावा मार्च २०२४ मध्ये आला. चार वस्त्यांत केलेल्या पाहणीत ४५ टक्के रहिवासी योजनेच्या बाजूने होते, २१ टक्के विरोधात. शिवाय ५८ टक्के लोकांना आपण अशा वस्तीत राहतो हेच माहीत नव्हते.