गोंदण की डाग?

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या जुन्या घरांत भिंतीवरचे कृष्णधवल फोटो ओलीने आणि बुरशीने खराब होत आलेत. घरातली पोरं मोबाइलवर त्यांचा फोटो काढतात, एआय ॲपमध्ये टाकतात आणि चहा होईपर्यंत पणजी लख्ख दिसू लागते. डोळे पाणीदार, कातडी तुकतुकीत. पण कपाळावरचं नि हनुवटीवरचं गोंदण गेलेलं, कुंकवाच्या आडव्या चिरीची गोल टिकली झालेली, इरकल लुगड्याच्या काठावर भलतीच नक्षी. असा एक ‘सुधारलेला’ फोटो बघून खानापूरकडच्या एक आजी म्हणाल्या, “ही आमची आक्का न्हवं गं.”

आजींचं बरोबर होतं. चेहरे दुरुस्त करणारी प्रणाली शिकते कशी, ते पाहिलं की कारण कळतं. आधी हजारो स्वच्छ चेहऱ्यांचे फोटो घेतात. मग ते मुद्दाम बिघडवतात: धूसर करतात, वाळूसारखे दाणे टाकतात, आकार घटवतात. बिघडलेला फोटो देऊन मूळ कसा असेल ते यंत्राला काढायला लावायचं, चुकलं की आतले आकडे किंचित बदलायचे, आणि हे अगणित वेळा. २०२१ साली आलेली जीएफपी-गॅन ही प्रणाली एफएफएचक्यू नावाच्या संग्रहावर शिकली. फ्लिकर या संकेतस्थळावरून गोळा केलेले ७०,००० चेहरे त्यात आहेत. फ्लिकरवर गोंदलेल्या आजी कितीशा असणार? यंत्राने गोंदण जवळपास पाहिलेलंच नाही, खराब झालेले फोटो मात्र रग्गड पाहिलेत. कपाळावर काळपट ठिपका दिसला की तो डाग समजून पुसला जातो.

कॅमेरा पूर्वीपासून अंदाज बांधत आलाय, हे मान्य. डिजिटल सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर बहुधा लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांची ही मांडणी. पेटंट १९७६ चं. म्हणजे रंगीत फोटोतले दोन-तृतीयांश आकडे मोजलेले नसतात, शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरलेले असतात. मोबाइल त्याच्याही पुढे जातो. बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत रात्री चित्ररथाचा फोटो काढताना तुम्ही बटण एकदा दाबता, फोन भराभर अनेक फ्रेम टिपून एकमेकींवर बसवतो. नऊ फ्रेमची सरासरी घेतली की दाणेदारपणा साधारण एक-तृतीयांशावर येतो. इथवर साक्ष त्या जागच्या उजेडाचीच आहे. चेहरा नव्याने घडवणारी प्रणाली परक्या माणसांची साक्ष काढते. माझ्या मते फोटोग्राफरचं काम आता याच फरकावर उभं आहे: काय खरोखर टिपलं गेलं आणि काय नंतर भरलं गेलं, हे त्याला ठाऊक असायला हवं आणि त्याने ते सांगायला हवं.

लग्नाचंच घ्या. हजारो फोटोंतून निवड करणारी सॉफ्टवेअर मिटलेले डोळे, हललेले फोटो आपोआप बाजूला काढतात. लग्नसराईत स्टुडिओवाल्यांचे तासन् तास वाचतात, आणि ते वाचायलाच हवेत. पण अंतरपाट बाजूला होऊन अक्षता पडतात तेव्हा नवरीचे डोळे मिटतातच, आणि मागे आईने पदर डोळ्यांना लावलेला असतो. यंत्राच्या हिशेबी तो फोटो बाद. घरच्यांना मात्र अख्ख्या अल्बममध्ये तोच हवा असतो. बाद ठरलेल्यांचा फोल्डर स्वतः उघडून बघणारा माणूस म्हणूनच लागणार.

जुने रिटचर, म्हणजे फोटोवर हात फिरवणारे कारागीर, निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून सुरकुत्या, व्रण सौम्य करत. चेहरा तेही बदलत होते, पण गिऱ्हाईक समोर असे, ‘हा तीळ ठेवू का?’ असं विचारता येई. ती विचारपूस आजही शक्य आहे. जुना फोटो दुरुस्तीला आला की आधी मूळ प्रिंट ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ फाइल (तपशील न गमावता साठवणारी) हात न लावता जपून ठेवावी. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला फोन लावून विचारावं: कपाळावर काय होतं, नथ कुठल्या बाजूला, लुगडं कुठलं. यंत्राकडून ओरखडे आणि बुरशी काढून घ्यावी, चेहऱ्याची आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी. गिऱ्हाइकाला दोन्ही फाइल द्याव्यात.

नव्या फोटोंत मूळ काय नि नंतर बदललेलं काय, याची नोंद कॅमेऱ्यातच सुरू व्हावी म्हणून सीटूपीए नावाचं मानक तयार झालंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला लायका एम११-पी हा कॅमेरा फोटो टिपतानाच त्यावर डिजिटल सही करतो. नंतर फेरफार झाला तर तपासणीत कळतं. तो कॅमेरा इथल्या स्टुडिओंच्या आवाक्याबाहेरचा. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेले कच्चे आकडे, मात्र कुठलाही डीएसएलआर कॅमेरा देतो. निवडक फोटोंच्या रॉ फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायला फारसा खर्च येत नाही, आणि उद्या कुणी फोटोच्या खरेपणाबद्दल शंका काढली तर समोर ठेवायला तीच फाइल उपयोगी पडेल.