पट, तंतू आणि ‘मी’

सोलापूरच्या पूर्वभागात एखाद्या जुन्या मागवाल्याला विचारावं, यातली चादर नेमकी कुठली? तो ताणा दाखवेल, बाणा दाखवेल, धोट्यातली कांडी काढून दाखवेल. उसवत गेलं तर हातात सूतच उरतं. तरी दुकानात गिऱ्हाईक चादरच मागतं, दोन किलो सूत मागत नाही.

हा प्रश्न आपल्या गावाने शोधलेला नाही. भारतीय तर्कशास्त्राचा तो आवडता दाखला आहे. १७व्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त कार्यकारणाचा धडा कापडावरच गिरवलेला दिसतो: तंतू हे पटाचं म्हणजे कापडाचं समवायी कारण (ज्याचं ते बनतं), तंतूंचा संयोग म्हणजे जुळणी हे असमवायी आणि धोटा-माग हे निमित्त कारण (ज्याच्या साहाय्याने ते बनतं). पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याने माग कधी पाहिलेला असो वा नसो, ‘तुरीवेमादि’ (धोटा-माग वगैरे) त्याच्या तोंडी असायचंच. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचं, म्हणणं असं की पट ही तंतूंहून वेगळी, नव्याने जन्मलेली वस्तू आहे. बौद्ध म्हणत, धागे एका रीतीने मांडले की त्या मांडणीला आपण नाव देतो, त्यापलीकडे काही नाही. भांडण कापडाचं दिसतं. पणाला लागलेला होता ‘मी’: तो खरी वस्तू, की शरीर-मनाच्या मांडणीला दिलेलं नाव?

गेल्या चाळीसेक वर्षांत मनाच्या तत्त्वज्ञानात ‘स्व हा भास आहे का’ यावर जे लिहिलं जातंय, त्याच्या मागे हा सगळा जुना कज्जा उभा आहे.

सुरुवात सारनाथची. परंपरेनुसार बुद्धाचं दुसरं प्रवचन हे अनत्तलक्खण सुत्त, म्हणजे अनात्माच्या लक्षणाचं सूत्र, ऐकणारे पाच भिक्खू. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांपैकी, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो त्या घटकांपैकी, प्रत्येकाची तपासणी होते. कसोट्या दोन. हे तुझ्या हुकमात आहे का? आणि हे टिकणारं आहे का? शरीर माझं असतं तर ‘असं हो, तसं होऊ नकोस’ असं त्याला सांगता आलं असतं. गुडघेदुखीच्या वयात हा युक्तिवाद फार समजावून सांगावा लागत नाही.

रथाचा दाखला सगळ्यांना ठाऊक असतो तो ‘मिलिंदपञ्ह’मधला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर म्हणजेच मिलिंद, आणि समोर भिक्खू नागसेन. नागसेन म्हणतो, ‘नागसेन’ हे फक्त नाव आहे, आत कोणी पुरुष सापडत नाही. राजा बिनतोड विचारतो: मग चीवर कोणाला दान करतात, शील कोण पाळतं, तुम्हाला कोणी मारलं तर खून झालाच नाही म्हणायचं का? नागसेन राजाच्याच रथाकडे बोट दाखवतो. आस हा रथ का? चाकं? जू? हा दाखला नागसेनाच्याही आधीचा आहे. संयुत्त निकाय या पाली सुत्तसंग्रहात वजिरा नावाच्या भिक्खुणीने मोहात पाडू पाहणाऱ्या मारालाच तो ऐकवला आहे, पण तिचं नाव सहसा कोणी घेत नाही. मिलिंद आणि नागसेन मात्र महाराष्ट्रात घरोघरी पोचले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेल्या कॉलेजचं नाव मिलिंद, आवाराचं नाव नागसेनवन. आणि सोलापुरातल्या शाळेत या नावांची दोन मुलं एका बाकावर बसलेली दिसली तर कोणाला नवल वाटत नाही.

बौद्धांमध्ये तरी एकमत होतं का? मुळीच नाही. पुद्गलवादी म्हणत की स्कंधांहून वेगळाही नाही आणि तेच स्कंधही नाही असा ‘पुद्गल’, म्हणजे व्यक्ती, मानावा लागतो, जसा इंधनावर अवलंबून अग्नी. हा कोपऱ्यातला पंथ नव्हता. सातव्या शतकात ह्युएन त्संगला त्यांच्यातल्या सम्मितीयांचे विहार मोठ्या संख्येने आढळले. बौद्ध आचार्य वसुबंधूने ‘अभिधर्मकोशा’च्या शेवटच्या प्रकरणात त्यांचा समाचार घेतला आहे. बाहेरून नैयायिकांचा मारा वेगळाच. न्यायसूत्रांतला मुद्दा साधा आणि आजही जड जाणारा आहे: जे मी डोळ्यांनी पाहिलं तेच आता हाताने चाचपतोय, हे ‘तेच’ म्हणणारा कोण? पाहणारा क्षण वेगळा, स्पर्शाचा क्षण वेगळा, तर दोघांची गाठ मारणारा कोणी हवा. उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास ‘आत्मतत्त्वविवेक’ लिहिला तो हीच बाजू लढवायला.

जैनांची जागा या वादात तिसरी. जीव हे द्रव्य आहे, पण त्याचे पर्याय म्हणजे अवस्था क्षणोक्षणी बदलतात, असं म्हणून ते दोघांच्या मधून वाट काढतात. इथे सोलापूरचा संबंध ओढूनताणून आणावा लागत नाही. जीवराज जैन ग्रंथमाला याच शहरातून निघाली आणि १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग तिने छापला. गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या गावात प्राकृत ग्रंथांची प्रुफं तपासली जात होती, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही.

युरोपात ही वाट उघडली स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने, १७३९ मध्ये निघालेल्या ग्रंथात. आत डोकावून पाहिलं की मला कुठली तरी संवेदनाच सापडते, तिच्यामागे बसलेला ‘मी’ कधी सापडत नाही, असं तो म्हणाला. त्या ग्रंथाचं बरंच लेखन त्याने फ्रान्समधल्या ला फ्लेश गावी केलं. तिथल्या जेझुइट मठात सयाम पाहून आलेला एक धर्मगुरू राहत होता आणि तिबेटात राहिलेला जेझुइट देसिदेरी तिथे येऊन गेला होता. यावरून मानसशास्त्रज्ञ ॲलिसन गॉपनिक यांनी २००९ मध्ये सुचवलं की ह्यूमच्या कानावर बौद्ध विचार गेले असतील. धागा मोहक आहे, पण तो अंदाजच. मी त्यावर भार टाकणार नाही.

उघडपणे बुद्धाचं नाव घेतलं ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिटने, १९८४ मधल्या पुस्तकात. माणसाची ओळख म्हणजे शरीर आणि मनातल्या घटनांची साखळी, वेगळं असं काही नाही. बुद्धाला हे पटलं असतं, असं त्याने लिहिलं आणि पुस्तकाला बौद्ध वचनांची पुरवणी जोडली. पुढे १९९१ मध्ये फ्रान्सिस्को व्हरेला, इव्हान थॉम्पसन आणि एलिनॉर रॉश यांनी स्कंधविचार थेट बोधविज्ञानाशेजारी (कॉग्निटिव्ह सायन्स) मांडला. व्हरेला हा जीवशास्त्रज्ञ. धरमशालेत १९८७ मध्ये दलाई लामा आणि शास्त्रज्ञ यांची जी पहिली बैठक झाली, तिच्या मागेही तोच होता. २००३ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ थॉमस मेट्झिंगरने टोक गाठलं: जगात ‘स्व’ नावाची वस्तू नाहीच, मेंदू स्वतःचं एक प्रारूप बनवतो आणि ते काचेसारखं पारदर्शक असल्याने आपल्याला प्रारूप म्हणून दिसत नाही. रबरी हाताचा प्रयोग त्याच्या बाजूने बोलावला जातो. खरा हात आडोशाला, समोर खोटा हात, दोन्हींवर एकाच तालात कुंचला फिरवला की खोटा हात आपलाच वाटू लागतो.

मला यात एक उणीव जाणवते. पाश्चात्त्य लेखकांनी ‘स्व नाही’ एवढं उचललं आणि कर्म, पुनर्जन्म, निर्वाण बाजूला ठेवलं. ही चाळणी आपल्याकडे त्यांच्या आधी एकाने लावली होती, तीही वेगळ्याच कारणासाठी. १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच प्रश्न आहे: आत्मा नाही तर कर्म कोणाचं आणि पुनर्जन्म कोणाचा? गेल्या जन्मीच्या पापाने या जन्मीची जात, हा हिशेब त्यांना मोडायचा होता. २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे पारफिटच्या आधी जवळजवळ तीन दशकं अनात्मवाद इथल्या वस्त्यांमध्ये दहाव्या-तेराव्याच्या विधींपर्यंत येऊन पोचला होता. इंग्रजीतल्या अनात्मचर्चेत मला बाबासाहेबांचं नाव क्वचितच भेटतं.

सध्या वाद कुठे अडलाय? मार्क सिडरिट्स यांच्यासारखे तत्त्वज्ञ बौद्ध भूमिका विश्लेषणाच्या भाषेत लढवतात. डॅन झहावी म्हणतात, प्रत्येक अनुभव ‘मला’ होतोय ही किमान जाणीव तरी पुसता येत नाही. हे वाचताना बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाच्या स्वसंवेदनाची, म्हणजे प्रत्येक जाणिवेला स्वतःचीही जाणीव असते या विचाराची, आठवण होते. २०११ मध्ये सिडरिट्स, थॉम्पसन आणि झहावी या तिघांनी मिळून एक संकलनही काढलं. आणि ज्या थॉम्पसनने १९९१ मध्ये पूल बांधला, त्यानेच पुढे भूमिका बदलली: स्व ही वस्तू नसेल, पण म्हणून भास कसा? ती चालू राहणारी क्रिया आहे. २०२० मध्ये तर आपण बौद्ध का नाही, यावर त्याने अख्खं पुस्तक लिहिलं.

माग थांबला की विणणं थांबतं, हे पूर्वभागात कोणीही मान्य करेल. पण विणून झालेली चादर ही वस्तू की क्रिया, यावर नैयायिक अजून हटणार नाहीत.