दशमीचं पाणी

मालवणच्या किनाऱ्यावर मास्क आणि फिन्स घेऊन मी पहिल्यांदा उतरलो तो पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. पाण्यात तोंड घातलं आणि स्वतःचा हातही धड दिसेना. सगळीकडे नुसता ताकासारखा गढूळ रंग. खडकावर पाग, म्हणजे मासे पकडायचं फेकजाळं, घेऊन उभ्या असलेल्या आजोबांनी माझी फजिती बघितली होती. म्हणाले, "आज कायएक दिसाचा नाय. दशमीक येवा."

एकादशी नाही, अष्टमी नाही, दशमीच का, हे कळायला मला कॅलेंडर उघडावं लागलं.

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं. तेवढ्याच सहा तासांत कितीतरी जास्त पाणी आत-बाहेर करतं, म्हणजे प्रवाहाचा वेग वाढतो. वेग दुप्पट झाला की गाळ उचलायची ताकद मात्र दुपटीहून कितीतरी जास्त वाढते. त्यात आपल्या खाड्या सह्याद्रीची माती आणून ओतणाऱ्या, तिथे उधाणात स्वच्छ पाण्याची अपेक्षाच चुकीची. अष्टमीला सूर्य-चंद्र काटकोनात असतात, ओढ विभागली जाते. हा भांग. पण समुद्र जडशीळ, तो एक-दोन दिवस उशिरा प्रतिसाद देतो. सगळ्यात संथ पाणी मिळतं ते नवमी-दशमीच्या सुमाराला.

आता वेळ. कोकणातला जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण व्हायची वेळ येते. दशमीची पाऊणपट साडेसात. हिशोब ढोबळच आहे, उतरण्यापूर्वी भरतीचा तक्ता बघावाच. पण बघा काय जमून येतं: सकाळी साडेसात-आठला भरती पूर्ण, प्रवाह थबकलेला, बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं आणि दुपारचं वारं अजून सुटलेलं नाही. आजोबांनी एका शब्दात एवढं सगळं सांगितलं होतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली अशी दशमी गाठली, की कमरेएवढ्या पाण्यातूनच सुरुवात करता येते. पायात रबरी बूट हवेतच, खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात. वाळूवर पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा. वाळूत पाकट (चपटा, काटेरी शेपटीचा मासा) दडलेलं असेल तर चाहूल लागून निघून जातं, नाहीतर त्याच्या शेपटीचा काटा नडतो. आणि एकटं उतरायचं नाही.

नवख्याला वाटतं, धोका खोल पाण्यात. खरा बदल पहिल्या काही मीटरांतच होतो. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. 3 मीटरवर गेलात की कानाच्या पडद्यामागची हवा जवळजवळ पाऊण पट होते आणि पडदा आत ओढला जातो. दुखायला लागण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दुखत असताना जोर लावणं म्हणजे पडद्याशी खेळ. श्वासासाठी हवेची टाकी पाठीवर असेल तर याच्या उलटं लक्षात ठेवायचं: तिथे आपण दाबाखालची हवा घेतो, वर येताना ती फुगते. श्वास रोखून वर आलं तर दोन मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून टाकीचं काम प्रशिक्षकाशिवाय नाहीच.

मास्कच्या काचेतून सगळं साधारण एक तृतीयांश मोठं दिसतं. माशाची लांबी सांगताना मित्राने बढाई मारली तर त्याला थोडी सूट द्या.

प्रवाळांना खरं तर असलं गढूळ पाणी मानवत नाही. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळ त्यावर जगतं. गाळ बसला की ऊनही अडतं आणि तोंडही बुजतं. तरी मालवणच्या खडकांवर प्रवाळ आहेत, 1987पासून इथलं पाणी सागरी अभयारण्यही आहे. त्यातलं पोराइटिस मी अगदी वीतभर अंतरावरून बघितलं. आधी वाटलं, शेवाळलेला धोंडा. मग त्यावर मिलिमीटरभराची खळगी दिसली, शेकडो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. प्रत्येक खळग्यात एक जीव. एका कडेला बुळबुळीत पापुद्रा सुटून लोंबत होता. ही त्याची झाडलोट: अंगावर चिकट थर तयार करायचा, त्यात गाळ अडकू द्यायचा आणि कातीसारखा सगळा थरच टाकून द्यायचा. असा धोंडा वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. माझ्या गुडघ्याएवढा होता, म्हणजे काही दशकांचा. त्यावर फिन टेकवून उभं राहणारे पर्यटकही मी बघितलेत.

नऊ वाजून गेल्यावर खाडीच्या बाजूने पाण्यावर चहाच्या रंगाची रेघ सरकत येताना दिसली. ओहोटी लागली होती. बाहेर आलो तर आजोबा पाग झटकत होते.

"दिसला?"

"दिसला."

"मगे आता चल, पेज जेवूक."